ब्राँझमध्ये ओतलेला डाव

गुरुवारी टेसा यायची म्हणून मिगदालिया ओकासिओ बुधवारपासूनच घर आवरायला घेई. आवरण्यासारखे फारसे काही नसे. नवरा एफ्राइन जाऊन चार वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते, आणि एकट्या माणसाच्या हातून पसारा तरी किती होणार? तरीही ती खिडकीच्या काचा पुसे, कॉफीचे कापडी गाळणे उकळत्या पाण्यातून काढी, पेरूची वडी आणि पांढरे चीज कापून बशीत मांडून ठेवी. घर चौथ्या मजल्यावर होते. खिडकीतून खाली कॉर्बिन स्क्वेअरची बाग दिसे: जुने एल्म, आखीव हिरवळ, कुत्र्यांना मोकळे सोडायचा कुंपणातला तुकडा, आणि ॲव्हेन्यूकडच्या फाटकाजवळचे दगडी टेबल. टेबलाभोवती जमिनीत पक्की केलेली चार दगडी आसने.

आठवड्यात तिच्याकडे येणारे टेसाखेरीज कोणी नव्हते. खालच्या मजल्यांवरचे भाडेकरू तरुण होते आणि वर्षा-दोन वर्षांत बदलत. जिन्यात भेटले की ते हसत, पण कानात काहीतरी घातलेले असे, आणि आपण काही बोललो तर त्यांना ते काढावे लागेल या संकोचाने मिगदालियाही नुसती हसे. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर पहिली काही वर्षे जुन्या सहकाऱ्यांचे फोन यायचे. मग तेही थांबले.

टेसा हॉलंडर बागेच्या मित्रमंडळाची कार्यकर्ती. तिशीतली, उंच, थोडी वाकून चालणारी. या भागात राहायला येऊन तिला तीनच वर्षे झाली होती, पण बागेबद्दल तिला जेवढी कळकळ होती तेवढी इथे जन्मलेल्यांनाही नव्हती. वयस्कर बाईला इथले जुने लोक स्पॅनिशमध्ये आदराने ‘दोन्या’ म्हणतात हे ती शिकली होती आणि दर वाक्यात वापरत होती.

“दोन्या मिगदालिया, मागच्या वेळी आपण कुठवर आलो होतो?”

“नेरेइदानं दोन-शून्य टाकली तिथवर.”

“आणि मग तुमची पाळी.”

“मग माझी.”

टेसा कागदावर चौकोन काढी. मिगदालिया डोळे मिटून घेई, जणू आठवते आहे.

गोष्ट अशी होती. बाग नव्याने उघडल्याला या वर्षी तीस वर्षे होत होती. त्या निमित्ताने मित्रमंडळाने ठरवले होते की फाटकाजवळच्या टेबलावर डॉमिनोचा, म्हणजे दोन-दोन आकड्यांच्या सोंगट्या टोकाला जुळता आकडा बघून लावण्याचा, एक डाव ब्राँझमध्ये ओतून कायमचा बसवायचा. कारण परिसरात एक कथा रुजली होती. बाग पुन्हा उघडली त्या दिवशी कोणी आत पाऊल टाकायला धजत नव्हते, तेव्हा चार शेजारी आत गेले, त्या टेबलावर बसले आणि डॉमिनो खेळू लागले. त्यांना बघून बाकीचे आले. मिगदालिया, तिचा नवरा एफ्राइन, नेरेइदा आणि विल्फ्रेदो. त्यातली या भागात भेटेल अशी एकटी मिगदालिया, असे मित्रमंडळ समजत होते.

पहिल्या भेटीत टेसाने विचारले होते, “त्या दिवशीचा डाव तुम्हाला आठवतो का? म्हणजे खरोखरचा, कोणती सोंगटी कुठे?”

मिगदालियाची खेळाडू म्हणून एके काळी ख्याती होती. अठ्ठावीस सोंगट्यांपैकी कोणती कोणाच्या हातात असेल हे ती चौथ्या फेरीत सांगे. म्हणून प्रश्न अगदीच वेडा नव्हता. मिगदालियाने टेसाकडे पाहिले. तिने कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता आणि तिला कुठे जायची घाई दिसत नव्हती.

“आठवतो,” मिगदालिया म्हणाली. “पण एकदम नाही. थोडा थोडा आठवेल.”

तेव्हापासून दर गुरुवारी तो थोडा थोडा आठवत होता.

डावाबरोबर टेसाला बागेचीही हकीकत हवी असे, आणि त्यात मात्र मिगदालिया एक अक्षर पदरचे घालत नव्हती. वाळूच्या खड्ड्यात मुलांऐवजी सुया सापडायच्या ते दिवस तिने सांगितले. अर्धा मोहल्ला जळून ओस पडला होता. घरमालकच विम्यासाठी घरे पेटवतात असे लोक उघड बोलत. ज्यांचे छप्पर गेले ते बागेत आले. निळ्या ताडपत्र्यांचे तंबू, पिंपात पेटवलेली लाकडे, कढवलेल्या तेलाचा वास. मग एका उन्हाळ्यात फर्मान निघाले की बाग रात्री बंद राहील. लोक फाटकाशी जमले, घोड्यांवरून पोलीस आले, बाटल्या आणि काठ्या दोन्हीकडून चालल्या.

“तुम्ही कुठे होतात?”

“याच खिडकीत. एफ्राइननं दिवा मालवला होता. सकाळी मी कामावर निघाले तर रस्त्यात एका पायातले बूट पडले होते. जोड कुठलाच नाही. सगळे एकेकटे.”

“आणि तरी तुम्ही खेळायला जात होतात? तंबू असताना?”

“रोज दुपारी. नेरेइदाचं म्हणणं, कोणाला हाकलायला नको, कोणाशी भांडायला नको. आपण चौघं टेबलावर बसायचं, एवढंच. टेबलावर माणसं बसली की तिथे दुसरं काही होत नाही. आम्ही बसायला लागलो तशा बायका पोरं घेऊन फाटकापर्यंत यायला लागल्या.”

टेसाने ते जसेच्या तसे लिहून घेतले. “आणि नवरा-बायको एका बाजूला?”

“छे! नवरा-बायकोनं भिडू व्हायचं नसतं. घरी जाऊन जेवायचं असतं ना?” मिगदालिया हसली. “एफ्राइनची भिडू नेरेइदा. माझा विल्फ्रेदो. समोरासमोर बसायचं आणि बोलायचं नाही, हातात काय आहे ते चेहऱ्यावरसुद्धा दाखवायचं नाही. भिडूला कळलं पाहिजे ते सोंगटीवरून.”

“आणि विल्फ्रेदो आता...?”

“दूर गेला,” मिगदालिया म्हणाली आणि कॉफी गरम करायला उठली.

सप्टेंबरच्या अखेरीस डाव पुरा झाला. त्याहून लांबवणे शक्य नव्हते. सोंगट्याच संपत आल्या होत्या. शिल्पकाराने त्यावरून चित्र तयार केले आणि टेसाने ते फोनवर पाठवले. वरून पाहिलेले टेबल, मधोमध सोंगट्यांची वळणे घेत गेलेली साखळी, प्रत्येक सोंगटीवर ती टाकणाऱ्याचे आद्याक्षर, आणि चार बाजूंना चौघांच्या हातात उरलेल्या सोंगट्या उभ्या. चित्र देखणे होते. मिगदालियाने ते पुष्कळ वेळ पाहिले आणि मग, दाखवायला दुसरे कोणी नव्हते म्हणून, नेरेइदाला पाठवून दिले. नेरेइदा फ्लोरिडात किसिमीला मुलीकडे राहायला गेली होती. अधू डोळे, दुखरे गुडघे, पण जीभ शाबूत.

पाच मिनिटांत फोन आला.

“अगं ए बये, हे काय पाठवलंयस?”

“ब्राँझमध्ये ओतणार आहेत. आपल्या टेबलावर.”

“ते ओतोत नाहीतर तळोत. नातीकडून मोठं करून बघितलं मी. तू दुहेरी पाचानं सुरुवात केलीस. बरोबर?”

“हो.”

“एफ्राइननं एका बाजूला पाच-दोन लावली. ठीक. मग विल्फ्रेदोनं काय केलं? पाच-तीन! तुझा उरलेला पाच झाकला! आणि त्याच्या हातात बघ, दोन-चार तशीच उभी. दोनाला लावायची सोडून भिडूचा पाच मारला त्यानं? विल्फ्रेदोनं? बोटं तोडून घेतली असती मेल्यानं, पण तुझा आकडा झाकला नसता.”

मिगदालियाने फोन कानाला धरूनच चित्र आठवले. खरे होते. आठ गुरुवार ती एकटीच चौघांचे हात खेळत होती. साखळी लांबवायची एवढेच डोक्यात होते, आणि भिडूच्या जागी बसताना भिडूसारखा विचार करायचा राहून गेला होता. तीस वर्षे जिने बारीक चिमट्याने काचपट्ट्या उचलल्या, तिच्या हातून ही चूक झाली होती.

“आणि मुळात,” नेरेइदा म्हणाली, “कोणता डाव हा? त्या दिवशी डाव झालाच नाही. विसरलीस?”

“नाही.”

“मग?”

मिगदालियाने फोन दुसऱ्या कानाला लावला. “ती पोरगी दर गुरुवारी येते,” ती म्हणाली.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

“किती वेळ बसते?”

“दोन तास. कधी जास्त.”

“कॉफी घेते?”

“दोन कप.”

नेरेइदाने नाक ओढले. “मग सांग की. आणखी दहा डाव सांग, मी साक्ष देते. पण त्या माणसाला तुझा पाच मारायला लावू नकोस, मिग्दा. तेवढं दुरुस्त कर.”

त्या दिवशी डाव झाला नव्हता, कारण विल्फ्रेदो आला नव्हता.

दंगलीनंतरही तंबू तीन वर्षे टिकले. विल्फ्रेदो दर दुपारी खेळायला येताना मोठे पातेले घेऊन यायचा. असोपाओ, पातळसर भाताचे कोंबडीचे कालवण. खेळण्याआधी तो ते तंबूंतून वाटायचा. मिगदालिया त्याच तंबूंमधून आलेले नमुने प्रयोगशाळेत बघत होती. थुंकीच्या बाटल्यांवर पत्त्याच्या जागी नुसते ‘पार्क’ लिहिलेले असायचे. क्षयाचे जंतू सावकाश वाढतात. आठवड्यांनी नळीत पिवळट, खरखरीत थर धरायचा आणि तोवर तो माणूस कुठे गेला ते कोणाला ठाऊक नसायचे. बाग बंद करून सगळ्यांना निवाऱ्यात आणि दवाखान्यात नेणार अशी बातमी आली तेव्हा ती टेबलावर म्हणाली, “बरं होईल. इथे मरतील ते.”

“तू बाटल्या बघतेस,” विल्फ्रेदो म्हणाला होता. “मी तोंडं बघतो. निवारा कुठे आहे सांग. एक पत्ता सांग मला.”

पत्ता तिला सांगता आला नव्हता. तरीही तिचे मत बदलले नाही, आजही बदललेले नव्हते. क्षय ताडपत्रीखाली बरा होत नाही. पण हेही तिने नंतर पाहिले की डिसेंबरच्या थंडीत तंबू उपटले गेले, भोवती उंच जाळी उभी राहिली, आणि प्रयोगशाळेत त्या माणसांचे नमुने येणे एकदम थांबले. ते बरे झाले म्हणून नव्हे.

वर्षभराहून जास्त काळ जाळी होती. निघाली तेव्हा आत नवी हिरवळ होती, नवे दिवे होते, आणि टेबल तेच होते. ते तिघे जाऊन बसले. नेरेइदाने सोंगट्या पालथ्या घालून कालवल्या. कोणी उचलल्या नाहीत. ॲव्हेन्यूच्या पलीकडच्या फुटपाथवर विल्फ्रेदो हात कोटाच्या खिशात घालून उभा होता. एफ्राइनने हाक मारली, तेव्हा त्याने ओरडून सांगितले, “ज्यांना बाहेर काढलं ते परत आत आले की मी येतो!” आणि निघून गेला. बघणाऱ्यांना टेबलाभोवती माणसे दिसली, चौथा येता येता परत गेला एवढेच दिसले, आणि पुढे सांगणाऱ्यांच्या तोंडून चौथाही बसला.

त्यानंतर विल्फ्रेदोने बागेत पाऊल ठेवले नाही. त्यांना दुसरा भिडू मिळाला, मग तिसरा, खेळ वर्षानुवर्षे चालला. विल्फ्रेदो मात्र दूर गेला नव्हता. ॲव्हेन्यूपलीकडच्या वृद्धांच्या इमारतीत तो राहत होता. रोज सकाळी पलीकडच्या फुटपाथवरून चालत जाई. एफ्राइनच्या अंत्यविधीला चर्चमध्ये शेवटच्या रांगेमागे उभा होता, आणि मिगदालिया मागे वळेपर्यंत गेला होता.

चूक दुरुस्त करायची म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मिगदालिया सोंगट्यांची पेटी घेऊन खाली उतरली. आता नीट खेळायचे होते. प्रत्येक आसनावर बसून, तिथल्या माणसासारखा विचार करून. ती आपल्या जागी बसली आणि दुहेरी पाच टाकला. उठून एफ्राइनच्या जागी बसली. त्याची पाच-दोन. तो असेच करायचा, सुरुवातीलाच बायकोची वाट अडवायची हौस. बाबागाडी घेऊन चाललेल्या एका बाईने तिच्याकडे पाहिले, मग विनाकारण गोड हसली.

मग ती विल्फ्रेदोच्या आसनावर बसली. इतक्या वर्षांत ती इथे कधीच बसली नव्हती. तिच्या आसनावरून बाग दिसे. इथून फाटक दिसत होते, फाटकाबाहेरचा रस्ता आणि पलीकडचा फुटपाथ. तिने दोन-चार उचलली. आणि मान वर केली तर पलीकडे विल्फ्रेदो उभा होता.

केस पुरते पांढरे, हातात काठी. रोजचे चालणे थांबवून तो बघत होता. आपल्या आसनावर ती बसली आहे हे त्याला दिसले असणार. त्याने हात केला नाही. तिनेही नाही. मधून दोन बस गेल्या. दुसरी पुढे सरली तेव्हा तो चालू लागला होता.

मिगदालियाने सोंगटी लावली नाही. हा माणूस या दगडावर बसायचा नाही असे ठरवून तीस वर्षे समोरून चालत जातो, आणि आपण त्याला इथे ब्राँझमध्ये कायमचा बसवायला निघालो आहोत. त्याच्या हातात कुठली सोंगटी द्यायची हा खरा प्रश्न नव्हता. पण हे बोलले की डाव मोडणार, आणि डाव मोडला की गुरुवार मोडणार, हेही तिला तितकेच स्वच्छ कळत होते.

मित्रमंडळाची बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत होती. साच्याला मंजुरी देण्यापूर्वी मिगदालियाने दोन शब्द बोलावेत म्हणून तिला मुद्दाम मधल्या खुर्चीवर बसवले होते. अध्यक्ष ग्रेग हा दाढी राखलेला, मऊ बोलणारा माणूस.

“बोला, दोन्या मिगदालिया,” टेसा म्हणाली. तिने कोपऱ्यात फुलेही आणून ठेवली होती.

“त्या दिवशी आम्ही तिघं होतो,” मिगदालिया म्हणाली. “विल्फ्रेदो आला नाही. तंबूतल्या लोकांना काढलं म्हणून तो बागेत यायला तयार नव्हता. अजूनही येत नाही. त्यामुळे आम्ही खेळलो नाही. चौघांचा डाव ओतू नका.”

ग्रेगने समोरचे चित्र आपल्याकडे ओढून घेतले.

“येत नाही म्हणजे... ते इथेच आहेत?” टेसाने विचारले.

“ॲव्हेन्यूच्या पलीकडे.”

ग्रेगने घसा साफ केला. “हे बघा, आम्हाला तुमच्या भावना समजतात. पण हे प्रतीक आहे. शेजारी एकत्र आले, हा त्यातला अर्थ. नेमकं कोण कुठल्या दिवशी बसलं होतं, याला तसं...”

“अर्थ तुमचा आहे,” मिगदालिया म्हणाली. “जागा त्याची आहे. त्याला विचारलंत का?”

“तुम्ही विचाराल का?” ग्रेगने आशेने म्हटले.

“तो नाही म्हणाला आहे. मी ऐकलंय.”

“मग तिघांचाच करू. सोंगट्या पालथ्या, एक जागा रिकामी. उलट जास्त परिणामकारक होईल ते.” कोणीतरी मान डोलावली.

“टेबल तसंच राहू द्या,” मिगदालिया म्हणाली. “त्यावर काही चिकटवलंत तर कोणाला खेळता येणार नाही.”

कोण खेळतं, असे कोणी विचारले नाही, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिले ते तिला दिसले.

बैठक संपल्यावर टेसा तिला दारापर्यंत पोहोचवायला आली. बाहेर वारा सुटला होता. टेसाने फुले परत उचलून आणली होती आणि ती द्यावीत की नाही हे तिला कळत नव्हते.

“म्हणजे तो डाव... दर गुरुवारी आपण जो...”

“मी रचला.”

“सगळा?”

“सगळा. बागेचं सांगितलं ते खरं आहे. ते लिहा तुम्ही.”

“पण का? पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी काही रागावले नसते.”

मिगदालियाने कोटाचे वरचे बटण लावले. “तुम्ही विचारत होतात,” ती म्हणाली. “मला बरं वाटत होतं.”

टेसाचे डोळे भरून आले. तिने फुले तिच्या हातात दिली आणि म्हणाली, “मी गुरुवारी येते हं. नक्की येते.”

ती मनापासून म्हणाली होती. गुरुवारी दुपारी तिचा निरोप आला: नवा प्रस्ताव लिहायचा आहे, पुढच्या वेळी. पुढच्या गुरुवारी तिला सर्दी झाली होती. तिसऱ्या गुरुवारी निरोप आला नाही. मिगदालियाने पेरूची वडी कापली नव्हती, तरी काचा पुसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी उभी राहिली. एल्मची पाने पिवळी होऊन हिरवळीवर पडत होती आणि बागेचा माणूस ती वारा सोडणाऱ्या यंत्राने एका कडेला लोटत होता. कुत्री धावत होती. बाग इतकी सुंदर कधीच नव्हती. हे तिलाही दिसत होते, आणि त्यात तिचाही थोडा हात होता, हेही तिला ठाऊक होते. या सुंदर बागेत तिला नावाने हाक मारणारे कोणी नव्हते.

पलीकडच्या फुटपाथवर काठी टेकत विल्फ्रेदो आला.

मिगदालियाने कोट घेतला. जिने उतरून, बागेत न शिरता, तिने वळसा घालून ॲव्हेन्यू ओलांडली. तो आता हळू चालत होता, त्यामुळे गाठायला कष्ट पडले नाहीत.

“विल्फ्रेदो.”

तो थांबला. जवळून त्याचा चेहरा तिला वाटला होता त्याहून लहान झाला होता.

“वाट चुकलीस का गं?” तो म्हणाला.

“नाही. तुला एक सांगायचं होतं. तुला ब्राँझचा करणार होते. बागेत, टेबलावर. मी नको म्हटलं.”

“मला? ब्राँझचा?” त्याने काठीवर दोन्ही हात ठेवून विचार केला. “बरा दिसलो असतो. आत्ता आहे त्यापेक्षा.”

“तुला नाही, सोंगट्यांना. त्या दिवशीचा डाव म्हणून.”

“कसला डाव? मी कुठे होतो?”

“तेच सांगितलं त्यांना. मी तो मनानं रचला होता. तू पण होतास त्यात.” आणि एवढे बोललेच आहे तर सगळे सांगावे म्हणून ती म्हणाली, “त्यात तू माझा पाच झाकलास.”

विल्फ्रेदोने तिच्याकडे पाहिले. बागेचे नाव निघाल्यावर जे झाले नव्हते ते आता झाले. त्याच्या भुवया चढल्या.

“मी? तुझा पाच?”

“हातात दोन-चार असताना.”

“दोन-चार असताना! अगं, लाज वाटायला हवी तुला! इतकी वर्षं समोर बसलीस ना माझ्या? लोकांनी बघितलं ते? छापलं कुठे?”

“नेरेइदानं बघितलं.”

“झालं. म्हणजे किसिमीभर झालं.” तो पुटपुटत पुढे निघाला आणि ती त्याच्या बरोबरीने चालू लागली. “झाकला म्हणे. शेंबडं पोरसुद्धा झाकणार नाही. आणि तू ते लिहून दिलंस.”

“चौघांचं एकटीनं खेळत होते रे.”

कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या बाकावर तो श्वास घ्यायला टेकला. तीही बसली. समोर रस्त्यापलीकडे बागेचे फाटक होते.

“आत येशील का, असं विचारायला आली असशील तर नाही,” तो म्हणाला.

“माहीत आहे. मी नाही विचारणार.”

“ती माणसं कुठे गेली कोणी सांगितलं नाही. मी नंतर खूप शोधलं. दोघं सापडले. बाकीचे नाही.”

“मी पण शोधले,” मिगदालिया म्हणाली. “प्रयोगशाळेत. नावं बघत असायचे, दुसऱ्या कुठल्या पत्त्यावरून येतात का. एकच आलं. बाई होती, लाल टोपीवाली.”

“डोलोरिता,” विल्फ्रेदो लगेच म्हणाला. “बरी झाली?”

“नमुना स्वच्छ आला होता. पुढचं नाही माहीत.”

त्याने सावकाश मान हलवली. हे त्याला कोणी कधी सांगितले नव्हते, आणि तिला कोणी कधी विचारले नव्हते. दोघांनी समोर पाहिले. गाड्यांच्या फटींतून टेबलाचा एक कोपरा दिसत होता.

“तिथे आता कोण बसतं?” त्याने विचारले.

“मी.”

“आणि?”

“मीच.”

बस आली आणि तिचे दार त्यांच्यासमोर उघडले. चालक वाट पाहत राहिला. विल्फ्रेदोने काठी उचलून त्याला पुढे जायची खूण केली.

“उद्याही मी याच वेळी इथून जातो,” तो म्हणाला.

“मला माहीत आहे,” मिगदालिया म्हणाली. “रोज बघते.”